‘पहिल्या वेळी दूधच आलं नव्हतं’ : दुसऱ्या बाळाच्या स्तनपानाची तयारी, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोथरूडमधली एक आई, वय ३३, दुसऱ्यांदा गरोदर. तिला इथे अश्विनी म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नोकरी हिंजवडीत, नवराही आयटीतच. घरात सासूबाई आणि चार वर्षांची थोरली मुलगी. माहेर कराडचं. स्तनपान सल्ल्यासाठी ती माझ्याकडे आली तेव्हा तिसावा आठवडा चालू होता. आल्या आल्या तिने विचारलं, “मला पहिल्या वेळी दूधच आलं नव्हतं. या वेळी काय खाऊ म्हणजे येईल?”

प्रश्न नेहमीचाच. उत्तर कायम खाण्यातच शोधलं जातं, हे मात्र मला खटकतं. शतावरी कल्प, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, सगळं तिने पहिल्या बाळंतपणात मनापासून खाल्लं होतं. आईने कराडहून डबे भरभरून आणले होते. तरीही सहाव्या आठवड्यात थोरली पूर्णपणे डब्याच्या दुधावर गेली. लाडू खाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, बाळंतिणीला चांगलं अन्न लागतंच. पण तेवढ्याने काम झालं असतं तर ती माझ्यापर्यंत आलीच नसती.

मी तिला पुढच्या वेळी जुन्या बाळंतपणाची फाइल आणायला सांगितलं. माळ्यावरच्या सुटकेसमधून, सोनोग्राफीच्या फिल्मसकट, ती निघाली.

पहिल्या वेळी नेमकं काय झालं

अश्विनीच्या आठवणीत सगळ्याचा सारांश एका वाक्याचा होता: दूध आलं नाही. फाइलमध्ये बरंच काही होतं. सदतिसाव्या आठवड्यात पाणी गेलं, दिवसभर कळा देऊन शेवटी रात्री तातडीचं सिझर. बाळ २.६ किलोचं. रक्तस्राव जास्त झाला होता. हिमोग्लोबिन आधी १०.८, नंतर ८.१. आईला विश्रांती मिळावी म्हणून बाळाला पहिली काही पाजणी नर्सरीत बाटलीने, पावडरच्या दुधाची. छातीशी पहिल्यांदा लावलं नवव्या तासाला. तिसऱ्या दिवशी वजन ९ टक्के उतरलेलं. डिस्चार्ज कार्डावर ओळ होती: दर दोन तासांनी ३० मिली टॉप फीड, म्हणजे वरचं दूध. किती दिवस, हे नाही. दरम्यान आईने दूध काढत राहायचं, हेही नाही. घरी जाताना पिशवीत एक छोटा डबा भेट म्हणून आला होता. असे मोफत नमुने आयांना देणं आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद आहे, हे तेव्हा घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फाइलमध्ये नव्हती. ती बोलता बोलता निघाली. “पाचव्या की सहाव्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप आला. मावशी म्हणाल्या दूध साकळलंय. मग घट्ट कापड बांधलं, कोबीची पानं ठेवली. दोन-तीन दिवसांत सगळं ओसरलं.”

म्हणजे दूध आलं होतं. उशिरा आलं, पण आलं. एरवी बाळंतपणानंतर दीड ते तीन दिवसांत छाती भरून येते. सिझर, पहिलं बाळंतपण, जास्त रक्तस्राव, थायरॉइडचा त्रास, यांपैकी काही असेल तर हे लांबू शकतं. इथे जवळपास सगळंच होतं. आणि ज्या दिवशी दूध आलं त्या दिवशी ते प्यायला कुणी नव्हतं. बाळाचं पोट ३०-३० मिलीने भरलेलं, त्याला बाटलीची सवय लागलेली. स्तन रिकामे होत नाहीत तेव्हा शरीर दूध बनवणं आवरतं घेतं. घट्ट बांधलेल्या कापडाने त्यात भरच घातली.

थायरॉइडची गोळी पहिल्या गरोदरपणात सुरू झाली होती आणि बाळंतपणानंतर तिने आपणहून बंद केली. “बाळ झालं, आता कशाला?” त्यानंतर तपासणीही नाही. तेव्हा थायरॉइड कमी होतं की नव्हतं, हे आता कळायला मार्ग नाही. थोरलीची जीभ खालून आखडलेली होती का, ती नीट तोंड उघडून धरत होती का, हेही कुणी पाहिलं नव्हतं. निपलला चिरा पडल्या होत्या एवढं अश्विनीला पक्कं आठवत होतं, आणि चिरा बहुतेकदा चुकीच्या पकडीनेच पडतात. एकाच कारणावर बोट ठेवावं असं हे प्रकरण नाही. पण ‘माझ्या अंगात दूधच नाही’ हा निष्कर्ष मात्र फाइलमधून कुठेच निघत नव्हता.

आत्ताची अडचण

दुसऱ्या गरोदरपणात तीन गोष्टी उभ्या होत्या. हिमोग्लोबिन ९.४. गरोदरपणातली साखर, पथ्यावर आटोक्यात. आणि थायरॉइड: डोस दोनदा वाढवूनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ४.९ वर अडकलेला.

या तिसऱ्या गोष्टीचं उत्तर तिच्या स्वयंपाकघरात सापडलं. गोळ्या कशा घेता, असं विचारलं तेव्हा तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. ओट्यावर सात खणांची प्लॅस्टिकची डबी, प्रत्येक खणात थायरॉइडची बारकी गोळी, लोहाची कॅप्सूल आणि कॅल्शियमची मोठी गोळी. सकाळी सातला तिन्ही एकदम, कपभर दुधाबरोबर. “म्हणजे विसरायला होत नाही.” लोह आणि कॅल्शियम सोबत असलं की थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, मध्ये चार तासांचं अंतर लागतं. लोहालाही कॅल्शियमची सोबत मानवत नाही. डबी दिसायला अगदी शिस्तीची होती, आणि तिन्ही औषधं एकमेकांना मारत होती.

मी औषधं लिहून देत नाही. हे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवलं. त्यांनी वेळा बदलून दिल्या: थायरॉइड पहाटे उठल्याबरोबर पाण्याने, लोह दुपारी लिंबू-पाण्यासोबत, कॅल्शियम रात्री. महिन्याभराने टीएसएच २.३ आला, डोस न वाढवता. हिमोग्लोबिन गोळ्यांनी हवं तसं चढेना म्हणून शिरेतून लोह दिलं गेलं. प्रसूतीआधी ते ११.२ होतं. माझ्या मते या संपूर्ण तयारीतलं सर्वांत मोठं पाऊल हेच. आणि ते स्तनांविषयी नव्हतंच.

समोर असलेले पर्याय

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. “पहिल्या दिवसापासून डब्याचं देऊ. मागच्या वेळी ही दीड महिना रडत होती, ते मला परत बघायचं नाही.” हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याने बायकोची हालत जवळून पाहिली होती, आणि आईचं मन ही काही दुय्यम गोष्ट नाही.

अश्विनी दुसऱ्या टोकाला होती. इंटरनेटवर वाचून तिने ठरवलं होतं की या वेळी काहीही झालं तरी वरचं दूध एक थेंबही नको. मला हा पर्याय पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटत होता. साखरेचा त्रास असलेल्या आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर उतरू शकते. मागच्या वेळी दूध उशिरा आलेलं, या वेळीही सिझरची शक्यता. अशा बाळाला भुकेलं ठेवून तत्त्व सांभाळायचं नसतं.

तिसरा रस्ता असा: आधी छातीशी, वारंवार. पण वरचं दूध कधी द्यायचं याचे आकडे बालरोगतज्ज्ञांशी बोलून आधीच ठरवून ठेवायचे. द्यावं लागलं तर तेही क्रमाने: आधी आईचंच काढलेलं, मग मिळालं तर दुग्धपेढीचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, नाहीतर पावडरचं. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं. हे ऐकून नवरा म्हणाला, “म्हणजे रात्री दोन वाजता भांडायला नको.” त्याने त्या एका वाक्यात सगळं सांगितलं.

तिच्या भीतीसाठी एक आधारही होता. २००१ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्याच आयांचं पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या वेळचं दूध मोजलं होतं. दुसऱ्या खेपेला पहिल्या आठवड्यात सरासरी ३१ टक्के जास्त दूध निघालं, आणि ज्यांना आधी सर्वांत कमी होतं त्यांच्यात वाढ सर्वांत जास्त होती. अभ्यास छोटा, अवघ्या २२ आयांचा. हेही मी तिला सांगितलं. त्यावर हमी देता येत नाही, पण दुसऱ्यांदा प्रयत्न करणं वेडेपणाचं नाही एवढं तरी म्हणता येतं.

तयारी

सदतिसाव्या आठवड्यापासून हाताने चीक काढून ठेवायचा, असा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेह असलेल्या, पण इतर जोखीम नसलेल्या गरोदर स्त्रियांनी छत्तिसाव्या आठवड्यापासून हे केलं होतं आणि बाळांना त्याने अपाय झाला नव्हता. अश्विनीचं आधीचं सिझर होतं, म्हणून तिच्या डॉक्टर आधी नाखूश होत्या. निपलला हात लागला की पोट आवळू शकतं. शेवटी त्यांनी परवानगी दिली ती अटीवर: सदतीस पूर्ण झाल्यावर, दिवसातून दोनदा, थोडा वेळ, आणि पोट कडक वाटलं की लगेच थांबायचं.

पहिल्या दिवशी निघाला तो एक पिवळाधमक थेंब. ती तो बोटावर धरून बघत राहिली आणि मग सासूबाईंना हाक मारली, “आई, हे बघा.” थोरलीलाही तो बघायचा होता. आठवड्याभरात एका वेळी एक-दीड मिली निघू लागलं. एक मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये. तान्ह्याच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सात मिलीच मावतं, तेव्हा या सिरिंजा वाटतात तेवढ्या किरकोळ नसतात.

सासूबाईंशी एकदा निवांत बोलणं झालं. त्या सहज म्हणत, “आमच्याकडे सगळ्यांनाच दूध कमी.” ऐकणाऱ्या सुनेवर त्याचा काय परिणाम होत असेल याचा अंदाज त्यांना नव्हता. मी त्यांच्या बाळंतपणाविषयी विचारलं. थोरल्या लेकीला त्यांनी दोन वर्षं अंगावर पाजलं होतं. धाकटा, म्हणजे अश्विनीचा नवरा, तीन महिन्यांपासून गाईच्या दुधावर. का? “तोवर मी शाळेत लागले होते ना. रजाच तीन महिन्यांची.” मग त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, “कमी नव्हतं म्हणा. घरी नव्हते मी.” अश्विनीला मात्र प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवडे मिळणार होते. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच दूध कमी’ या वाक्याचा उच्चार घरात पुन्हा झाला नाही. पहिल्या आठवड्यातले पाहुणे परतवण्याचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं, आणि कोथरूडमध्ये ते काम सोपं नसतं.

मालिशवाल्या मावशींना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: बाळाला मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत तो धोक्याचा, आणि बाळाची छाती पिळायची नाही. “ताई, आम्ही इतकी बाळं केली,” अशी थोडी कुरकुर झाली, पण ऐकलं.

हॉस्पिटलात एका पानाचा कागद दिला. त्यावर बालरोगतज्ज्ञांची सही. ७ टक्क्यांपर्यंत वजन उतरलं तर काही करायचं नाही. ७ ते १० च्या दरम्यान पकड तपासायची, दूध हाताने काढून द्यायचं, शू-शी आणि बाळाची तरतरी बघून वरच्या दुधाचा निर्णय. १० च्या पुढे वरचं दूध द्यायचंच. साखर कमी, कावीळ किंवा सुस्ती असेल तर आकड्यांची वाट न बघता डॉक्टरांचा शब्द.

पहिले पाच दिवस

एकोणचाळिसाव्या आठवड्यात ठरवून सिझर झालं. मुलगा, २.९२ किलो. ऑपरेशन थिएटरच्या थंडीत अश्विनीला कापरं भरलं, त्यामुळे बाळाला छातीवर ठेवलं ते रिकव्हरी रूममध्ये. तरी तासाच्या आत त्याने तोंड लावलं. दुसऱ्या तासाला टाचेतून घेतलेली साखर ३९ आली. सिस्टर पावडर कालवायला निघाल्या. नवऱ्याने थर्मासमधल्या सिरिंजा पुढे केल्या. दोन मिली चीक, लगेच छातीशी, तासाने पुन्हा तपासणी: ५३.

दुसरी रात्र अवघड गेली. बाळ दर अर्ध्या तासाला रडत होतं. रात्रपाळीच्या सिस्टरना कागदाविषयी कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी त्यांच्या परीने योग्यच सांगितलं, “पोट भरत नाहीये, वरचं द्या.” अश्विनीचा धीर सुटला. पण सकाळचं वजन २.७६ होतं, म्हणजे साडेपाच टक्के उतार. दिवसभरात दोनदा शू, एकदा काळी शी, बाळ तरतरीत. दुसऱ्या रात्री बहुतेक बाळं अशीच चिकटून असतात. अश्विनीने हाताने चार मिली काढून चमच्याने दिलं आणि वरचं दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वजन २.६७. साडेआठ टक्क्यांच्या पुढे. छाती अजून मऊ. डोळ्यांत किंचित पिवळेपणा, बाळ पिता पिता झोपी जात होतं. इथे निर्णय उलटा झाला: वरचं दूध द्यायचं. अश्विनीला रडू आलं, आणि ते साहजिकच होतं. पण मागच्या वेळचे ३० मिली आणि आत्ताचे १० ते १५ मिली, तेही छातीशी पाजल्यानंतर, वाटी-चमच्याने, आणि प्रत्येक वेळी नंतर पंपाने दहा मिनिटं दूध काढून, या दोन गोष्टी एक नव्हेत. मागच्या वेळी वरच्या दुधाने आईच्या दुधाची जागा घेतली. या वेळी ते बाळाला पिण्याची ताकद देत होतं.

पुण्यात ससूनला मातृदुग्धपेढी आहे (आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईत सायन रुग्णालयात सुरू झाली). पण असं दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, ते योग्यही आहे. त्यामुळे पावडर वापरली.

छाती भरून आली चौथ्या दिवशी पहाटे. म्हणजे या वेळीही उशीरच. फरक हा की भरलेली छाती रिकामी करायला बाळही होतं आणि पंपही. पाचव्या दिवशी वजन २.७१, दिवसभरात सहा लंगोट ओले.

पुढे काय झालं

वरचं दूध दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पूर्ण सुटलं. चौदाव्या दिवशी वजन २.९५, दीड महिन्याने ३.८. उजव्या निपलला एकदा चीर पडली, बाळाला काखेखालून धरून पाजण्याची पद्धत शिकल्यावर ती भरली. थायरॉइडची गोळी या वेळी बंद केली नाही. सहा आठवड्यांनी तपासणी झाली.

वरचं सुटल्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत बाळ फक्त आईच्या दुधावर होतं. कामावर परतायच्या सुमारास फ्रीझरमधला साठा पुरेना, म्हणून दुपारचं एक पाजणं पावडरचं झालं. हिंजवडीचं जाणं-येणं आणि दोन मुलं यात तिने मीटिंगच्या मध्ये पंप लावून जीव काढावा असं मला वाटलं नाही, तिलाही नाही. सकाळ-संध्याकाळ-रात्र तिचं दूध चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

गोळ्यांच्या वेळांचा प्रश्न तिसाव्या आठवड्यात सुटला. तो गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीतच विचारायला हवा. ‘गोळ्या घेता का?’ हे सगळे विचारतात, ‘कशा घेता?’ हे फार थोडे.

ठरवलेल्या कागदाची एक प्रत पलंगाला आणि एक सिस्टरांच्या टेबलावर चिकटवायला हवी होती. दिवसपाळीला सांगितलं म्हणजे रात्रपाळीला कळलं असं होत नाही, आणि पाजण्याचे अवघड निर्णय रात्रीच येतात.

पंप पहिल्या दिवसापासून लावावा की तिसऱ्या, यावर माझं आणि तिच्या बालरोगतज्ज्ञांचं मत वेगळं आहे. मागच्या वेळी दूध उशिरा आलेलं असताना मी पहिल्या दिवसापासून हाताने काढायला जास्त लावलं असतं. त्यांना वाटतं, सिझरनंतरच्या बाईला आधी झोपू द्यावं. दोन्हीत तथ्य आहे.

थोरलीच्या वेळचा अपराधीपणा अश्विनी अजून बाळगून आहे. प्रसूतीनंतर मनःस्थितीची दहा प्रश्नांची एडिनबरो चाचणी केली, गुण काळजीचे नव्हते. पण हे बोलणं गरोदरपणातच व्हायला हवं होतं, समुपदेशकाकडे, स्वतंत्र वेळ काढून. स्तनपानाच्या भेटीत ते उरकण्यासारखं नाही.

राहिला डिस्चार्ज कार्डाचा मुद्दा. या वेळच्या कार्डावर बालरोगतज्ज्ञांनी वरच्या दुधाच्या ओळीखाली हाताने आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या: प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध काढावे, वजन वाढू लागताच दर दोन दिवसांनी वरचे दूध कमी करावे, तपासणी अमुक तारखेला. आता त्या ओळी त्यांनी छापील कार्डातच घेतल्या आहेत.